सणाच्या आधीचे पंधरा दिवस

प्रिय पोरी,

तू पाठवलेलं एक्सेल शीट पाहिलं. मदर्स डेपासून फ्रेंडशिप डेपर्यंत वर्षभरातले सगळे 'दिवस' आणि प्रत्येकापुढे एक पोस्ट. मेहनत दिसते. पण ठाण्यात नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून आईबरोबर फराळ आणि मोदक पुरवणाऱ्या मुलीचं फ्रेंडशिप डेशी काय देणंघेणं? निम्म्याहून जास्त ओळी आधी खोडून टाक, मग पुढचं वाच.

सणाच्या सकाळी लोगो लावून शुभेच्छा टाकल्या की झालं प्रमोशन, असं हल्ली सगळ्यांनाच वाटतं. एकदा टेंभी नाक्यापासून तीन हात नाक्यापर्यंत चालत जा आणि शुभेच्छांचे फलक बघ. शुभेच्छा बारीक अक्षरात, चेहरे हातभर. घरी पोचेपर्यंत त्यातलं एक तरी नाव लक्षात राहतं का? लक्ष्मीपूजनाला मोबाइलवर दिव्यांची चित्रं येऊन पडतात, त्यांचीही हीच गत. शिवाय त्या दिवशी गिऱ्हाइकाला तुझ्याकडून काही घ्यायचंच नसतं, त्याचे डबे भरलेले असतात. फराळ कुणाकडून घ्यायचा हे दसऱ्याच्या मागेपुढे ठरतं. ज्यांची मुलं अमेरिकेत, जर्मनीत आहेत त्यांच्याकडे त्याहून आधी, कारण पार्सल वेळेत पोचायला हवं. तेव्हा तुझं काम आधीच्या पंधरा-वीस दिवसांतलं. दिवाळीच्या दिवशी शांत झोप काढलीस तरी चालेल.

त्या दिवसांत दाखवायचं काय, हा तुझा प्रश्न. तुमच्याकडे अनारसे होतात ना? तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलतं, मग ते कपड्यावर पसरून अर्धवट सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळा मुरायला ठेवायचा. हे सगळं घरात होतच असतं, फक्त मोबाइल तिथे धर. पहिल्या दिवशी पाणी बदलताना, तिसऱ्या दिवशी आई तांदूळ बोटांत चुरडून बघते तेव्हा, आणि शेवटी खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताना. एखादा कढईत हसला, म्हणजे तुपात विरून पसरला, तर तोही टाक. बघ, खाली बायका तुटून पडतील, 'गूळ जास्त झाला', 'पीठ अजून मुरायला हवं होतं'. या सल्ला देणाऱ्या बायका म्हणजे तुझं खरं गिऱ्हाईक. अनारशाला काय कष्ट पडतात हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्या भावात घासाघीस करत नाहीत. व्हिडिओवर गाणं लावू नकोस, तुपाचा आवाज पुरे. तसंही बिझनेस अकाउंटला बरीचशी फिल्मी गाणी मिळत नाहीत आणि दुसरीकडून उचलून लावलंस तर आवाज बंद होण्याची शक्यता.

दिवाळीला सगळेच उतरतात. मला विचारशील तर तुझा हुकमी दिवस संकष्टी आहे. दर महिन्याला येते, आणि मोठ्या ब्रँडना तिच्यात फारसा रस नाही. उपास सोडणाऱ्या प्रत्येक घरात संध्याकाळी एकच प्रश्न असतो, चंद्रोदय किती वाजता? मग कुणीतरी उठून कालनिर्णय बघतं. ती वेळ तू आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाक. 'उद्या संकष्टी, चंद्रोदय अमुक वाजता', आणि खाली एकच ओळ, उकडीच्या मोदकांची ऑर्डर दुपारी बारापर्यंत. बास. स्टेटस चोवीस तासांनी जातं, तेवढंच त्याचं आयुष्य हवं. चार-सहा महिने नेमाने केलंस की लोक वेळ बघायला तुझ्याच स्टेटसवर येतील. अंगारकीला मागणी वाढते, त्या दिवशी आकडा आधीच ठरवून ठेव आणि तो भरला की 'ऑर्डर बंद' असं स्पष्ट लिही. मोदक चंद्रोदयाच्या आधी घरात हवेत, म्हणून सुरुवातीला नौपाडा, पाचपाखाडी, चरई एवढंच घे. संध्याकाळी घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत डबा पाठवायचा आणि तो ट्रॅफिकमध्ये अडकून चंद्र वर आल्यावर पोचायचा, असली प्रसिद्धी नको. गणेश चतुर्थीचं गणित उलटं. तिथे नैवेद्य दुपारचा, म्हणजे तुझी सगळी धावपळ सकाळची.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचं एक लक्षात ठेव. ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय, मेसेज त्यांनाच पोचतो. म्हणून डब्याच्या झाकणावर नंबर मोठा छाप आणि पहिल्या ऑर्डरच्या वेळी 'सेव्ह करा' असं तोंडाने सांग. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सेक्रेटरीला विचारल्याशिवाय काही टाकू नकोस. तिथे एकदा नाव खराब झालं की पूर्ण विंग हातची जाते.

नवरात्रीचे नऊ रंग तू लहानपणापासून बघतेस. त्याला कुठल्या पोथीचा आधार नाही, महाराष्ट्र टाइम्सने सुरू केलेला तो उपक्रम. रंग जाहीर करायचे आणि त्या रंगाच्या साड्यांतले वाचकांचे फोटो छापायचे. आज लोकलच्या लेडीज डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत तो पाळला जातो आणि सुरू कुणी केला हे बहुतेकांना आठवतही नाही. पेपरने स्वतःचं कौतुक छापलं असतं तर एवढं झालं नसतं, त्यांनी बायकांना हौसेने करण्यासारखं काहीतरी दिलं. तूही तेच कर, आपल्या आकाराने. गौरी यायच्या आठवडाभर आधी एवढंच विचार, 'तुमच्याकडे गौरीला नैवेद्य काय?' कुणाकडे घावन-घाटलं, कुणाकडे पुरणपोळी, सोळा भाज्या, कुणाकडे तिखटाचा नैवेद्य. ठाण्यात कोकण, देश, खानदेश सगळं एका जिन्यात राहतं, उत्तरांना तोटा नाही. फोटो आले की परवानगी घेऊन टाक. कुणाच्या नैवेद्याला नाक मुरडणारी कमेंट दिसली तर लगेच काढ. पाडव्याच्या स्वागतयात्रेचंही तसंच. कौपिनेश्वराची पालखी निघते तेव्हा कॅमेरा नऊवारीतल्या मुलींकडे आणि ढोलांकडे असू दे, तुझ्या बॅनरकडे नको.

आता काही गोष्टी झटपट. शिवजयंतीला महाराजांचं चित्र लावून '१९ टक्के सूट' कधीच नाही. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला बंदी घालणारा १९५० चा कायदा आहे, त्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र आहे. कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. १५ ऑगस्टला तिरंगा पाकिटावर छापू नकोस. पुण्यतिथ्या, दुर्घटनांचे दिवस विक्रीसाठी वापरू नकोस. फूड ब्लॉगरला फुकट डबा पाठवलास तरी ती जाहिरातच. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्याने तसं लेबल लावायला हवं आणि ते तूच त्याला आधी सांग. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा अंकी नंबर असू दे, आणि व्हिडिओत पाकीट दिसलं तर तोही दिसू दे.

आणि ते 'प्राइस डीएम केली आहे, ताई' आजपासून बंद. माझ्यासारखा माणूस तिथेच पोस्ट सोडून पुढे जातो. पाव किलो चकलीचा दर चकलीच्या फोटोवरच लिही. महाग वाटला तर लोक घेणार नाहीत, पण निदान उगीच मेसेज करून तुझी भाजणी भाजायची वेळ खाणार नाहीत. दुरुस्त केलेलं शीट रविवारपर्यंत पाठव, आणि त्यात या वर्षीच्या सगळ्या संकष्ट्या तारखेनिशी हव्यात.

तुझा,
काका