पिकअपचा जॉइंट बदलू की गाडीच विकू?

प्रश्न: गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, वर थोडे काजू. २०१२ ची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे, खाजगी नोंदणीची, १ लाख ७० हजार किलोमीटर चाललेली. फोर-व्हीलमध्ये पूर्ण वळवली की पुढच्या डाव्या चाकाकडून कट-कट आवाज येतो. शोरूमने दोन्ही बाजूंच्या पूर्ण एक्सल शाफ्टचे ४६,००० रुपये सांगितले. फोंड्याचा गॅरेजवाला एका बाजूचा जॉइंट १४,५०० त बदलून देतो म्हणतो. मुलाचं म्हणणं, ही अडीच लाखांना विकून साडेआठ लाखांची अलीकडची गाडी घेऊ. सहा लाखांचं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं. काय करावं?

उत्तर: दुरुस्त करा. पण एकच बाजू, आणि पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा.

मुलाच्या बेताचा हप्ता होतो महिन्याला १३,३४७ रुपये. पाच वर्षांत आठ लाख भराल, त्यातले दोन लाख निव्वळ व्याज. फोंड्याच्या कामात ऑइल सील, डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल आणि अलाइनमेंट धरली तरी खर्च वीस हजारांच्या आत राहावा, म्हणजे दीड हप्ता. दुरुस्तीनंतर गाडी दोन महिने बिनतक्रार चालली की पैसे वसूल. विम्याची आशा धरू नका, झिजेचा खर्च पॉलिसी देत नाही.

आता तो आवाज नक्की कुठला, हे आधी ठरवा. डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये पूर्ण वळवलं तर धडधाकट गाडीही अडखळते आणि खडखडते, कारण पुढची नि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. म्हणून बागेतल्या सैल मातीवर वळवून बघा. तिथेही कट-कट आली तर चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही शाफ्टची ताकद चाकापर्यंत नेणारा सांधा) गेला आहे. सरळ रस्त्यावर वेग घेताना थरथर असेल तर डिफरन्शियलकडचा. जॉइंटवरचा रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालं असेल पण आवाज नसेल, तर नुसता बूट, ग्रीस आणि क्लिपा बदलून भागतं आणि खर्च बराच खाली येतो. फाटक्या बुटातून लाल माती आत गेली की ती जॉइंटमधल्या पोलादी गोळ्यांच्या खाचा खाते. कट-कट सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून उपयोग नाही.

गॅरेजवाला नुसतं ‘एक्सल जॉइंट’ म्हणत असेल तर कुठला ते स्पष्ट विचारा. खालचा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) ढिला असेल तर तो आधी. तो निखळला तर चाक आडवं होतं, तिथे काटकसर नको. सीव्ही जॉइंट मात्र टू-व्हीलमध्ये काही दिवस सांभाळता येतो, तेही गाडीला फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सुटं करणारे हब) असतील तरच. ते नसतील तर टू-व्हीलमध्येही शाफ्ट फिरतच असतो.

शोरूमचा ४६,००० चा आकडा मला पटत नाही. उजव्या बाजूचा बूट शाबूत असेल, आवाज नसेल, तर तो शाफ्ट का बदलायचा? त्यांचं कोटेशन जुनं असेल तर नवं मागा: ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. फोंड्याच्या गॅरेजकडून मात्र लिहून घ्या: जॉइंट कुठल्या कंपनीचा, हब नट आणि सर्क्लिप नवे, शाफ्ट बाहेर काढताना सील नवं, आणि हब नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळलेला. अंदाजाने आवळला तर बेअरिंग जातं आणि दुसरं बिल येतं. शाफ्टच्या टोकाचे दाते झिजलेले निघाले तर नुसता जॉइंट बसवू नका, त्या एका बाजूचा पूर्ण शाफ्ट घ्या.

माझा निर्णय एकाच गोष्टीने बदलेल: चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि क्रॉस मेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांवर, हातोडीने हलकं ठोकून बघा. पत्रा पापुद्र्यांसारखा सुटत असेल, तर जॉइंटवर एक रुपया घालू नका, आहे तशी विका. मग मुलाचं बरोबर, फक्त कर्ज तीन वर्षांत फेडता येईल इतकंच घ्या.

चॅसी ठीक असेल तर काम मे संपायच्या आत उरका. पावसात चिखलाच्या चढावर फोर-व्हील हवंच, आणि तेव्हा गॅरेजलाही गर्दी. हप्त्याची तयारी होतीच, तर त्यातले ५,००० दरमहा आरडीत टाका. २०२७ मध्ये नोंदणीची १५ वर्षं पुरी होतील. नूतनीकरणाची फीच ५,००० आहे, शिवाय फिटनेससाठी टायर आणि ब्रेक बघावे लागतील. तो खर्च या आरडीतून काढा, एफडी मोडू नका.