बीआरटीओनंतर पोटात पाणी झालं, म्हणजे उपचार चुकला का?

तुमच्या बाबांना सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होण्याचा आजार. जठरातली फुगलेली शीर फुटून रक्ताची उलटी झाली, बीआरटीओ करून ती शीर बंद केली, रक्त थांबलं. आता पोटात पाणी झालंय, अन्ननलिकेतल्या शिरा वाढल्यात, आणि काही चुकलं का, असं तुम्ही विचारताय.

मी गोव्यात फोंड्याला फिजिशियन आहे. असे रुग्ण पुढच्या तपासणीला माझ्याकडे येतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला चूक दिसत नाही. रक्त थांबलं त्याच कारणाने पाणीही झालेलं असू शकतं.

यकृताला जवळजवळ पाऊण भाग रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं. सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं, रक्त आत शिरत नाही, मागे दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधतं. जठराच्या वरच्या भागातल्या शिरांतून अशी एक जाड वाट बऱ्याचदा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते. बीआरटीओत मांडीतून किंवा मानेतून नळी घालून त्या टोकाने वर जातात, फुग्याने वाट अडवतात आणि शीर आतून बंद करणारं औषध सोडतात.

पावसात खाजनाची मानस, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचं पाणी सोडायचं दार, बंदच राहिली की पाणी आत चढतं आणि बांधाच्या कच्च्या जागेवर जोर येतो, तसंच इथे होतं. आडवाट बंद झाल्याने पोर्टल शिरेतला दाब वाढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात, कधी छातीतही पाणी साचतं.

पण तेच रक्त आता यकृताकडेही वळतं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. आडवाटेने जाणारं रक्त यकृतात गाळलं न जाता मेंदूपर्यंत पोचतं. त्याने माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. माझ्या एका रुग्णाला बँकेच्या स्लिपवर सही जमत नव्हती, अक्षरं एकमेकांवर चढायची. वाट बंद केल्यावर काही आठवड्यांत त्यांची सही पूर्वीसारखी झाली. काहींच्या यकृताचं कामही काही काळ सुधारतं.

टिप्स या दुसऱ्या उपचाराचं उलटं. त्यात यकृतातूनच स्टेंटची, म्हणजे जाळीच्या नळीची, वाट काढतात, दाब उतरतो, पाणी कमी होतं, पण रक्त यकृताला टाळून जातं आणि गोंधळ वाढू शकतो. एंडोस्कोपीतून ग्लू घातला तर फक्त शीर बुजते, मोठी वाट बहुधा तशीच राहते, दाबात फारसा फरक पडत नाही. कोणाला काय करायचं हे यकृत किती थकलंय आणि सीटीत वाटा कशा दिसतात त्यावर ठरतं.

आता करायचं ते असं. पोटातलं पाणी सुईने काढून तपासून घ्या, त्यात जंतुसंसर्ग नाही ना हे कळायलाच हवं. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून पोर्टल शिरेत गुठळी नाही ना तेही बघा. अन्ननलिकेतल्या शिरांना रबर बँड लावायचे का, शिरांतला दाब उतरवणारी कार्व्हेडिलॉलसारखी गोळी चालेल का, हे गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना विचारा. चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. मीठ कमी म्हणजे पुरुमेंतातले, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे, खारे सुंगट (कोलंबी) आणि तोरांचं (कैऱ्यांचं) लोणचंही बंद. दारू एक थेंबही नाही.

डांबरासारखी काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली, ताप आला किंवा बाबा असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या.