इंदूरहून स्टेडियम आणि रेसट्रॅक बघायला निघताना

ताई, तुमचा प्रश्न असा: कॉलेजला लागलेल्या मुलाला क्रिकेटचं वेड आणि गाड्यांचंही. हिवाळ्यात दहा-बारा दिवस त्याला घेऊन निघायचंय, तर कोणती स्टेडियम आणि कोणते रेसट्रॅक दाखवावेत, आणि घराजवळ आहे म्हणून पीथमपूरच्या नॅट्रॅक्सपासून सुरुवात करावी का.

नॅट्रॅक्सचं आधी सांगतो, कारण पीथमपुरात गाड्यांच्या कामातच माझी नोकरी झाली. तिथला वेगाचा ट्रॅक 11.3 किलोमीटरचा, चार लेनचा, आणि 2021 साली सुरू झाला तेव्हा आशियातला सर्वांत लांब होता. पण तो गाड्या तपासायचा ट्रॅक आहे. तिथे कंपन्या आपली वाहनं आणून चाचण्या घेतात, प्रेक्षकांसाठी गॅलरी नाही, तिकीट नाही. मुलाला नुसतं फाटक दाखवून परत आणू नका. मात्र त्याला एक गोष्ट जरूर समजावून सांगा: तिथली वळणं ताटाच्या काठासारखी बाहेरून उचललेली आहेत. त्या उतारामुळे ताशी 250 किलोमीटरच्या वेगातही गाडी बाहेर ओढली जात नाही, चालकाला स्टिअरिंगशी झगडावं लागत नाही. हे डोक्यात बसलं की पुढचा प्रत्येक ट्रॅक तो वेगळ्या नजरेने बघेल.

माझं सांगणं हेच आहे, सगळीकडे आधी जमीन बघा. किती हजार खुर्च्या ते कोणीही सांगेल.

सुरुवात आपल्या रेसकोर्स रोडवरच्या होळकर स्टेडियमपासून करा. बाउंड्री जवळ, म्हणून इथे धावांचा पाऊस पडतो. 8 डिसेंबर 2011 ला सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध 219 काढल्या त्या इथेच. आणि याच मैदानावर मार्च 2023 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच संपली. ती कसोटी खरं तर धर्मशाळेला व्हायची होती, तिथलं गवत तयार नव्हतं म्हणून ऐनवेळी इकडे आली. खेळपट्टी इतकी कोरडी की पहिल्याच सत्रात चेंडू हातभर वळत होता, आपला डाव 109 वर आटोपला. मैदान तेच, बाउंड्री तीच. फरक फक्त त्या बावीस यार्डांतल्या मातीचा आणि पाण्याचा. नेहरू स्टेडियमही बाहेरून दाखवा. 25 डिसेंबर 1997 ला श्रीलंकेविरुद्धचा सामना खेळपट्टी धोकादायक म्हणून तीन षटकांतच तिथे थांबवावा लागला होता.

मग बडोदा. शहराबाहेर कोटंबीला नवं स्टेडियम झालंय, ते बघाच, पण माझा जीव लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या मोतीबाग क्रिकेट मैदानात. आपल्या इंदूरकरांना बडोद्याची एक जुनी आठवण आहे: 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यातच आपल्या होळकर संघाविरुद्ध 577 धावांची भागीदारी केली. पुढे जवळजवळ साठ वर्षं तो जागतिक विक्रम टिकला. हजारे 288, गुल महंमद 319. माझे वडील हे आकडे पाढ्यांसारखे म्हणायचे.

तिथून अहमदाबाद जवळच. मोटेऱ्याचं स्टेडियम एक लाख बत्तीस हजारांचं, पण मुलाला दाखवायच्या त्या लाल आणि काळ्या मातीच्या मिळून 11 खेळपट्ट्या. लाल मातीवर चेंडू उसळतो, काळ्यावर खाली राहतो आणि थांबून येतो. संघ कोणत्या पट्टीवर खेळणार यावरच अर्धा सामना ठरतो. प्रकाशाचे मनोरेही तिथे नाहीत, छताच्या कडेलाच दिव्यांची रांग आहे, त्यामुळे रात्री सावल्या फार कमी पडतात.

ग्वाल्हेरला रूपसिंह स्टेडियमवर थांबा. सचिनचं नाबाद द्विशतक, 24 फेब्रुवारी 2010. क्रिकेटच्या या मैदानाला नाव आहे हॉकीपटूचं: ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंह, ज्यांनी 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने दहा गोल केले.

तिथून ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, यमुना एक्स्प्रेसवेला लागून. 5.125 किलोमीटर, 16 वळणं. 2011 ते 2013 फॉर्म्युला वन इथे झाली आणि तिन्ही वर्षं जर्मन चालक सेबास्टियन फेटेल जिंकला. 2023 ला मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यतही झाली. मी 2011 च्या शर्यतीला गेलो होतो. स्टेडियममध्ये सगळा खेळ एका जागेवरून दिसतो, ट्रॅकवर तुम्हाला एकच तुकडा दिसतो, म्हणून तुकडा नीट निवडायचा. मी चौथ्या वळणाजवळ जागा घेतली होती. तिसऱ्या वळणानंतर लांबलचक सरळ रस्ता, गाडी तीनशेच्या वर जाते आणि चौथ्याला एकदम ब्रेक. चाकातली ब्रेकची डिस्क लाल होताना डोळ्यांनी दिसली. आवाज कानात नाही, छातीत बसतो. तेव्हा इयरप्लग हवेतच, कापसाचे बोळे कामाचे नाहीत. नुसतं रिकामं सर्किट बघायला मात्र जाऊ नका. काही शर्यत किंवा ट्रॅक-डे (लोक आपल्या गाड्या ट्रॅकवर चालवतात तो दिवस) आहे का हे आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर कुंपणाबाहेरूनच परतावं लागेल.

दिवस उरत असतील आणि खरी आवड असेल तर दक्षिणेला जा, कारण भारतातली मोटारशर्यत तिथेच वाढली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक 1990 पासूनचा, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे होतात. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे 2.1 किलोमीटरचाच, अरुंद, पण मला तो फार आवडतो. फॉर्म्युला मारुती या एका चालकाच्या शर्यतीच्या गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याच शहराचा. लहान ट्रॅकवर गाड्या दर मिनिटा-दीड मिनिटाने समोरून जातात, चालकाची प्रत्येक चूक लगेच दिसते.

दहा दिवसांत दोन्ही टोकं गाठू नका. बडोदा-अहमदाबाद करून ग्वाल्हेरमार्गे नोएडा, इतकं पुरे. चेन्नई-कोइम्बतूर वेगळी फेरी करा, राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा लागल्या की. निघायच्या आधी तारखा इथे टाका, त्या दिवसांत कुठे रणजी सामना आहे ते मी बघून कळवतो.