नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्यांनी आधी काय धरावं

सलाम ताई,

सुरुवातीला थोडंच धरा, पण रोज.

वाचन बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या कथेपासून, करा. 16 अध्याय आहेत. रोज एक घेतला तरी अडीच आठवड्यांच्या आत संपतं. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करणारे बरेच जण पुढे लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात आणि बायबल फडताळात जातं.

प्रार्थना दहा मिनिटं, ठरल्या वेळी. आधी आभार, मग चूक कबूल, मग मागणं. भाषा घरचीच ठेवा. पुस्तकी मराठी देवाला लागत नाही.

खरी गफलत होते ती भरवशात. पाऊस लांबला की ‘देव बघून घेईल’ म्हणत पीकविमा राहतो, कुणी बीपीच्या गोळ्या बंद करतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन 6:34 उद्याची चिंता करू नका म्हणतं. तयारी करू नका असं कुठेच म्हणत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, आणि तोवर स्तोत्र 65 वाचा. नांगराच्या तासांत मुरणाऱ्या पावसाचं वर्णन त्या स्तोत्रात आहे, मराठवाड्यात जास्तच कळतं! मात्र ‘पाऊस पाड, मग दान देतो’ असा नवस नको. तो सौदा झाला.

रविवारी बाजार असला तरी उपासना आधी. गावात चर्च नसेल तर दोन-तीन घरं मिळून बसा, मत्तय 18:20 प्रमाणे दोघं-तिघं जमले तरी पुरतं.

लांबलचक उपास आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे अर्थ, हे वर्षभर बाजूलाच ठेवा.