लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी बसवली, पण जुनी डिस्क काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. एसएसडी खराब आहे का?

नाही, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एसएसडी चांगली आहे. ती परत द्यायची घाई करू नका. आणि त्याहून महत्त्वाचं, जुनी हार्ड डिस्क कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा अजून तिच्यावरच आहे असं तुम्ही म्हणताय, म्हणून हे आधी सांगतो.

तुमची हकीकत थोडक्यात अशी: सात-आठ वर्षांचा लॅपटॉप फार हळू चालायला लागला, म्हणून साताऱ्यातल्या एका दुकानातून अडीच इंची एसएसडी बसवून घेतली. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डीव्हीडीच्या खाचेत बसणाऱ्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क घातली. विंडोज नव्याने टाकलं आणि लॅपटॉप पळायला लागला. पुढे बॅटरी लवकर उतरते म्हणून कॅडी बाहेर काढली, तर काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे लॅपटॉप सुरू करता येईल अशी डिस्कच सापडत नाही. कॅडी परत घातली की सगळं सुरळीत. दुकानदार म्हणतात एसएसडीतच दोष आहे, बदलून आणायला आठ-दहा दिवस लागतील.

मी सांगलीत लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो. विश्रामबाग भागातली इंजिनिअरिंगची मुलं घरच्या घरी एसएसडी बसवतात आणि नेमकी हीच तक्रार घेऊन येतात. तुमच्या सांगण्यातली खूण म्हणजे 'कॅडी घातली की सुरळीत'. एसएसडी खरंच गेली असती तर कॅडी असो नसो, विंडोज अडखळलं असतं, मध्येच अडकलं असतं, निळा पडदा आला असता. तसं काहीच होत नाही. अडतंय ते फक्त पहिल्या पावलाला.

बटण दाबल्यावर लॅपटॉपचा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा लहान प्रोग्रॅम, थेट विंडोजकडे जात नाही. तो आधी डिस्कवरचा एक लहानसा कप्पा शोधतो. त्याचं नाव ईएफआय सिस्टिम पार्टिशन. साधारण १०० एमबीचा, फॅट३२ पद्धतीचा, आणि फाइल एक्सप्लोररमध्ये एरवी न दिसणारा. त्यात बूट मॅनेजर असतो. बायोस त्याला सुरू करतो आणि विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते बघून तो पुढे विंडोज सुरू करतो. आता गोम अशी की विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर असा कप्पा आधीपासून असेल, तर सेटअप नवा कप्पा करायच्या भानगडीत पडत नाही. बूटच्या फायली तो जुन्याच कप्प्यात टाकून मोकळा होतो. मग विंडोज राहतं एसएसडीवर आणि बूट मॅनेजर राहतो जुन्या डिस्कवर. दोन्ही जोडलेल्या असेपर्यंत कुणाला काही कळत नाही.

हे तुम्ही घरीच ताडून बघू शकता. कॅडी आत असताना लॅपटॉप चालू करा, स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात दोन आडव्या पट्ट्या दिसतील, 'डिस्क ०' आणि 'डिस्क १'. कोणती कुठली ते आकारावरून ओळखा: ५०० जीबीची एसएसडी ४६५ जीबी दाखवते, २५६ ची २३८ दाखवते. यातही दोष काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढंच. आता 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' ही अक्षरं कुठल्या पट्टीत आहेत ते बघा. ती जुन्या डिस्कच्या पट्टीत असतील आणि एसएसडीच्या पट्टीत नुसता सी ड्राइव्ह असेल, तर निदान पक्कं झालं. लॅपटॉप जुन्या लेगसी पद्धतीने चालत असेल तर त्या जागी 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' असं नाव दिसेल, अर्थ तोच.

उपाय दोन आहेत. तुमच्या जागी मी असतो तर विंडोज पुन्हा टाकलं असतं, कारण ते नुकतंच टाकलंय आणि एसएसडीवर तुमचं म्हणावं असं अजून काही साठलेलं नाही. तरी डेस्कटॉप आणि डाउनलोड्समध्ये नजर टाका, काही असेल तर पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि कॅडी बाहेर घ्या. या सगळ्यातलं महत्त्वाचं पाऊल हेच आहे. डिस्क आतच नसेल तर सेटअप तिच्यावर काही लिहूही शकत नाही आणि चुकून पुसूही शकत नाही. मग बॅटरी परत बसवा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून निदान ८ जीबीच्या वेगळ्या पेनड्राइव्हवर सेटअप मात्र कॅडी काढण्याआधीच तयार करून ठेवा, कारण ती काढली की हा लॅपटॉप सुरू होणार नाही.

पुढचं जरा सावकाश वाचा, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनू उघडा. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बऱ्याच मॉडेलांत त्यासाठी एफ१२ असते, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ काम करत नसेल तर एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि तिथे ती आधी चालू करा. मेनूत तोच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोन वेळा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा नावाआधी 'यूईएफआय' (लॅपटॉप सुरू करायची नवी पद्धत) लावून. दुसरा निवडा. पहिला निवडलात तर सेटअप लेगसी पद्धतीने उघडतो. डिस्कवरच्या कप्प्यांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, नवी जीपीटी आणि जुनी एमबीआर. मग एसएसडी जीपीटी पद्धतीची असेल तर या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही म्हणून तो हटून बसतो, आणि एमबीआर असेल तर निमूट टाकतो पण पुढे बायोस यूईएफआयवर असला की लॅपटॉप पुन्हा उठत नाही. डिस्क निवडायच्या पडद्यावर एकच डिस्क दिसली पाहिजे. तिच्यावरचे सगळे कप्पे डिलीट करा, फक्त 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एक ओळ उरू द्या, आणि नवे कप्पे हाताने न पाडता सरळ नेक्स्ट दाबा. लागतील ते कप्पे सेटअप स्वतः तयार करतो. परवान्याची काळजी नको. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज मदरबोर्डवरून ओळखलं जातं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. फक्त आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होमच टाका.

दुसरा उपाय म्हणजे विंडोज तसंच ठेवून एसएसडीवर बूटचा कप्पा पाडणं. सी ड्राइव्ह ३०० एमबीने आकसायचा, डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या डिस्क विभागायच्या कमांडमध्ये) त्या जागेत ईएफआय कप्पा करायचा, फॅट३२ फॉरमॅट करून त्याला एक अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूट ही कमांड चालवून त्यात बूटच्या फायली उतरवायच्या. एसएसडी जीपीटी असेल तरच हे जमतं. मी करतो, पण डिस्कपार्टमध्ये डिस्कचा आकडा चुकला तर भलतीच डिस्क साफ होते, म्हणून टॅलीची डिस्क जोडलेली असताना तुम्ही करू नये असं कळकळीने सांगतो.

जुन्या डिस्कबद्दल एवढं बोलतोय त्याला कारण आहे. तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा लॅपटॉप ऐन हंगामात माझ्याकडे आला होता. एसएसडी दुसरीकडे बसवलेली, आणि 'जागा मोकळी करून देतो' म्हणत तिथल्याच कुणीतरी जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट केलेली. बूटचा कप्पाही गेला आणि शेतकऱ्यांच्या देण्याघेण्याच्या नोंदीही. क्विक फॉरमॅट होतं आणि नंतर डिस्कवर काही लिहिलं गेलं नव्हतं, म्हणून बहुतेक फायली परत मिळाल्या. हेच एसएसडीवर झालं असतं तर आशा फार कमी होती, कारण पुसलेली जागा ट्रिम या सोयीमुळे एसएसडी थोड्याच वेळात आतून खरोखर रिकामी करते.

पुन्हा विंडोज टाकायला बसलात आणि सेटअपला एसएसडी दिसलीच नाही, तर प्रकरण वेगळं. एफ२ किंवा एफ१० ने बायोस उघडून तिचं नाव तिथे आहे का बघा. नसेल तर आधी ती कशी बसलीय ते तपासा. जुन्या हार्ड डिस्क बऱ्याचदा साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या असतात, एसएसडी सातची. त्यामुळे ती खोबणीत सैल राहते आणि लॅपटॉप उचलला-ठेवला की कनेक्टरवरून केसभर सरकते. एसएसडीच्या खोक्यात प्लॅस्टिकची काळी चौकट मिळाली असेल तर ती याचसाठी असते. लोक ती निरुपयोगी समजून टाकून देतात. बायोसमध्ये नाव दिसतंय पण सेटअपमध्ये दिसत नाही, असं नव्या, म्हणजे अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत होतं. तिथे इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. तुमच्या लॅपटॉपच्या वयाला ते लागू नाही.

दर वेळी लॅपटॉप उघडताना तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बदलून घ्या. ती उतरली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि यूईएफआयचं लेगसी झालं की पुन्हा हाच काळा पडदा. बहुतेक ठिकाणी ती सीआर२०३२ असते, घड्याळाच्या दुकानातही मिळते. काही लॅपटॉपांत मात्र तिला वायर जोडलेली असते, मग तशीच मागवावी लागते.

विंडोज एसएसडीवरून एकट्याने उठायला लागलं की लॅपटॉप बंद करून कॅडी परत घाला. बायोसच्या बूट क्रमात एसएसडीवरचा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा, नाहीतर जुनी डिस्क पुन्हा पुढे घुसेल. टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करा, टॅली उघडून चालू वर्षाच्या काही नोंदी आणि मागच्या वर्षाचा ताळेबंद दिसतोय का पाहा. जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच ठेवा. सगळं करूनही पडद्यावर काही ओळ आली तर ती जशीच्या तशी आणि लॅपटॉपचं मॉडेल खाली लिहा, मी बघतो.