शंभाला हे मूळ आपल्या पुराणांतलं की तिबेटी बौद्धांचं? आणि हिमालयात ते खरंच कुठे आहे का?

नाव आधी पुराणांत आलंय, पण 'हिमालयात अमर सिद्धांचं गुप्त शहर आहे' असं सांगणाऱ्या फॉरवर्डमध्ये तुम्ही वाचलेलं ते गुप्त, अद्भुत राज्य मात्र बौद्धांनी उभं केलेलं आहे. दोन्ही बाजूचे लोक एवढं मान्य केलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

महाभारताच्या वनपर्वात आणि विष्णुपुराणात कल्की कुठे जन्माला येणार ते सांगितलंय, तर शंभल नावाच्या गावात, विष्णुयशा नावाच्या ब्राह्मणाच्या संबंधाने. बस. भागवताच्या बाराव्या स्कंधातही 'शम्भलग्राम' असंच आहे. म्हणजे ग्राम, साधं गाव. बर्फाचे डोंगर नाहीत, गुप्त दरवाजे नाहीत आणि अमर योगी तर त्या गावात अजिबात नाहीत. योगी आहेत ते त्याच स्कंधात थोडं पुढे, शंतनूचा भाऊ देवापि आणि इक्ष्वाकू वंशातला मरु, हे दोघं योगबळावर कलियुग संपायची वाट बघत बसलेत, पण ते कलापग्रामात. हे कलाप नाव लक्षात ठेवा.

आता बौद्ध बाजू. अकराव्या शतकाच्या आसपास भारतातच, संस्कृतमध्ये, कालचक्र तंत्र नावाचा बौद्ध ग्रंथ पुढे आला आणि तिथून तो तिबेटात गेला. त्यात शंभल हे गाव राहत नाही, आठ पाकळ्यांच्या कमळासारखं एक अख्खं राज्य होतं, भोवती बर्फाच्या डोंगरांचं कडं, 96 कोटी गावं आणि राजधानीचं नाव काय तर कलाप! तिथल्या राजांना पदवी कल्की, पहिल्या कल्कीचं नाव मंजुश्री यशस्, म्हणजे विष्णुयशातलं यश सुद्धा आलंच. इतकी नावं योगायोगाने जुळत नाहीत हो, ज्यांनी हे रचलं त्यांना पुराणं चांगली ठाऊक होती आणि कल्कीची गोष्ट त्यांनी उचलून आपल्या पद्धतीने फिरवली असंच म्हणावं लागतं.

ती कशी फिरवली ते कालचक्रावरच्या विमलप्रभा नावाच्या टीकेत, म्हणजे भाष्यात दिसतं. शंभलमध्ये साडेतीन कोटी ब्राह्मण ऋषी राहत होते, राजा यशस् त्यांना म्हणाला की सगळ्यांनी कालचक्राची दीक्षा घ्या आणि जातपात सोडून एका वज्रकुळात या, तर त्यांचा पुढारी सूर्यरथ म्हणाला नको, त्यापेक्षा आम्ही आर्यावर्तात निघून जातो, आणि निघाले पण! मग राजाने त्यांना वाटेत मोहित करून परत आणवलं, आणि शेवटी त्यांनी दीक्षा घेतली. मला सगळ्यात जास्त हाच भाग आवडतो, कारण त्या काळातला वाद यात सरळ दिसतो. शिवाय मध्य आशियातून येणाऱ्या स्वाऱ्यांची धास्ती, म्हणून शेवटचा म्हणजे पंचविसावा कल्की रौद्रचक्री म्लेच्छांशी युद्ध करणार अशी भविष्यवाणी.

तारखेत मात्र दोन्हींचा मेळ बसत नाही. बौद्ध शंभलात माणसं मरतात, एकेक कल्की शंभर वर्षं राज्य करतो, त्या हिशोबाने तिबेटी परंपरा युद्ध 2424 मध्ये धरते. आपल्या पंचांगाने कलियुग 4,32,000 वर्षांचं, त्यातली जेमतेम पाच हजार सरलीत, त्यामुळे आपल्या कल्कीला अजून भरपूर अवकाश आहे.

मग हे 'अमर सिद्धांचं गुप्त शहर' कुठून आलं? ते बरंच पाश्चात्य आहे. 1627 मध्ये भूतानला पोचलेल्या कासेला आणि काब्राल या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी शंभालाचं नाव ऐकलं आणि त्यांना वाटलं हा चीनच असणार. 1833 मध्ये हंगेरीच्या चोमा द कोरोशने कालचक्रावर लेख लिहिला, मग थिऑसॉफिस्टांनी, म्हणजे गूढविद्या मानणाऱ्या एका पंथाने, त्यात गूढ गुरू घातले, आणि 1933 च्या एका इंग्रजी कादंबरीने शांग्रीला नावाचं काल्पनिक ठिकाण बनवलं, ते इतकं चाललं की चीनने 2001 मध्ये युन्नानमधल्या झोंगदियनचं नावच शांग्रीला करून टाकलं. टुरिझम, दुसरं काय.

आता कुठे आहे म्हणाल तर कालचक्रवाले सीता नदीच्या उत्तरेला सांगतात, नकाशावर बोट ठेवता येत नाही. उत्तर प्रदेशात संभल आहे, तिथले लोक कल्की इथेच येणार म्हणतात. पण या कथेतलं एक ठिकाण खरोखर बघता येतं आणि त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. शंभलचा राजा सुचंद्र बुद्धाकडून कालचक्र शिकायला धान्यकटकला आला होता अशी कथा आहे, आणि धान्यकटक म्हणजे आंध्रातली अमरावती, गुंटूरपासून जवळच. तिथल्या बौद्ध स्तूपाचा पायाच काय तो उरलाय, कोरीव शिल्पांतली बरीचशी चेन्नई आणि लंडनच्या म्युझियममध्ये गेलीत, तरी 2006 च्या जानेवारीत दलाई लामांनी कालचक्र दीक्षेसाठी मुद्दाम हेच गाव निवडलं होतं.