मुद्दा ‘राखून ठेवणे’ की ‘जिवंत ठेवणे’?

एका अनुवादक वाचकांनी विचारले आहे की, अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतील दिवाणी दाव्यांविषयीच्या मजकुरात ‘प्रिझर्व्ह ॲन इश्यू फॉर अपील’ हा प्रयोग वारंवार येतो, त्याला मराठीत काय म्हणावे. त्यांनी स्वतः तीन पर्याय सुचवले आहेत: ‘अपिलासाठी मुद्दा जतन करणे’, ‘अपिलासाठी मुद्दा राखून ठेवणे’ आणि ‘अपिलाचा हक्क राखणे’. त्यांपैकी दुसरा त्यांना सर्वांत मराठमोळा वाटतो.

तो मराठमोळा आहे यात शंका नाही, आणि नेमका त्यामुळेच तो तिन्हींत घातक आहे. ‘जतन करणे’ हे या जागी अवघडलेले वाटते, पण त्याने वाचक निदान भलत्या वाटेला लागत नाही. ‘राखून ठेवणे’ म्हणजे मात्र आत्ता न वापरता पुढच्यासाठी बाजूला ठेवणे. पाहुण्यांसाठी लाडू राखून ठेवले म्हणजे ते आज कोणाला वाढले नाहीत, आणि न्यायालयाने निकाल राखून ठेवला म्हणजे तो आज दिला नाही. त्याच चालीने ‘वकिलांनी हा मुद्दा अपिलासाठी राखून ठेवला’ हे वाक्य वाचणारा मराठी माणूस असेच समजेल की, त्यांनी तो खालच्या न्यायालयात काढलाच नाही आणि वरच्या न्यायालयात एकदम पुढे करायचे ठरवले. मूळ प्रयोगाचा अर्थ याच्या बरोबर उलटा आहे. जो मुद्दा खाली वेळेवर काढला, त्याची कारणे सांगितली आणि ज्याची नोंद करवून घेतली, तोच वर मांडता येतो. जो मुद्दाम मागे ठेवला, तो सामान्यतः गेला. म्हणून मी ‘अपिलासाठी मुद्दा जिवंत ठेवणे’ असे म्हणेन.

याचे कारण त्या व्यवस्थेच्या रचनेत आहे. संघीय अपील न्यायालय दावा पुन्हा चालवत नाही. खालच्या न्यायाधीशांपुढे जे मांडले गेले आणि ज्यावर त्यांनी निर्णय दिला, त्यात चूक झाली का, एवढेच ते मुख्यतः पाहते. जे कोणी विचारलेच नाही त्याबद्दल न्यायाधीश चुकले असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि चूक वेळीच दाखवली असती तर ती तिथल्या तिथे सुधारता आली असती, हा त्यामागचा विचार आहे. एखादा साक्षीदार ‘मला गोदामातल्या मुकादमाने सांगितले की…’ असे म्हणू लागला, तर विरुद्ध बाजूच्या वकिलांनी उत्तर पुरे होण्याआधीच उठायचे, हा पुरावा सांगोवांगीचा आहे असे कारण देऊन हरकत घ्यायची आणि त्यावर न्यायाधीशांचा निर्णय मिळवायचा. नुसते ‘हरकत आहे’ म्हणून भागत नाही. ‘हे गैरलागू आहे’ अशी हरकत घेतली आणि अपिलात ‘हे सांगोवांगीचे होते’ असा युक्तिवाद केला, तर हरकत घेऊनही मुद्दा मेलेलाच असतो, कारण खालच्या न्यायाधीशांना ते कारण कोणी सांगितलेच नव्हते.

मग ‘हरकत नोंदवणे’ एवढेच का म्हणू नये, असे कोणी विचारील. पुष्कळ ठिकाणी तेवढे पुरेल आणि तिथे ते जरूर वापरावे. परंतु मुद्दा टिकवण्याचे सगळेच मार्ग हरकतीचे नसतात. न्यायाधीशांनी आपलाच पुरावा वगळला, तर त्या पुराव्यातून काय निष्पन्न झाले असते हे वकिलांना ज्युरीला, म्हणजे कौल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, ऐकू जाणार नाही अशा रीतीने नोंदीवर आणावे लागते, कारण नोंदीवर नसलेल्या पुराव्याचे मोल अपील न्यायालय कशावरून ठरवणार? पुराव्याच्या नियमांतील नियम 103 हेच सांगतो, आणि 2000 सालच्या दुरुस्तीने त्यात अशीही सोय केली की, न्यायाधीशांनी एकदा नोंदीवर निश्चित निर्णय दिला की तीच हरकत पुन्हा पुन्हा घेण्याची गरज नाही. ज्युरीला द्यायच्या कायदेविषयक सूचनांचा प्रकार आणखी निराळा आहे. आपल्याला हवी असलेली सूचना लेखी मागितली एवढ्याने दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम 51 समाधानी होत नाही. न्यायाधीशांनी ती मागणी नोंदीवर स्पष्टपणे फेटाळली नसेल, तर ती न दिल्याबद्दल वेगळी हरकतही घ्यावी लागते.

या ओघात आणखी एका शब्दाबद्दल सावध करतो, कारण तो जुन्या निकालपत्रांत हमखास भेटतो. न्यायाधीशांनी हरकत फेटाळल्यावर वकील पूर्वी लगेच ‘एक्सेप्शन’ म्हणून आपली असहमती नोंदवत असत, आणि अशा नोंदी ज्या कागदात एकत्र करून वर पाठवल्या जात त्याला ‘बिल ऑफ एक्सेप्शन्स’ म्हणत. हा कागद इंग्लंडमधील 1285 सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याइतका जुना आहे. त्याचे ‘अपवादांचे विधेयक’ असे भाषांतर शब्दकोश उघडून सहज होऊ शकते, आणि ते पूर्ण निरर्थक आहे. ‘नामंजूर हरकतींचे टिपण’ असे काहीसे म्हटले तर अर्थ पोचतो. 1938 साली लागू झालेल्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम 46 ने हा उपचार अनावश्यक ठरवला. न्यायालयाने काय करावे अथवा करू नये आणि का, हे वेळेवर सांगितले की पुरे.

‘जिवंत ठेवणे’ हा प्रयोग मला योग्य वाटतो तो मुख्यतः याच नियमांतील नियम 50 मुळे. विरुद्ध पक्षाचा पुरावा इतका तोकडा आहे की कोणतीही समंजस ज्युरी त्यावर त्याच्या बाजूने कौल देऊ शकणार नाही, असा अर्ज या नियमाखाली प्रकरण ज्युरीकडे जाण्यापूर्वी करावा लागतो. तो फेटाळला गेला आणि कौल विरुद्ध लागला, तर तोच अर्ज निकाल नोंदवला गेल्यापासून 28 दिवसांच्या आत पुन्हा करावा लागतो. पहिला अर्ज केला नसेल तर दुसऱ्याला आधार उरत नाही, आणि पहिला करून दुसरा केला नाही तर पुरावा अपुरा होता हा मुद्दा अपिलात घेता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली युनिथर्म फूड सिस्टिम्स विरुद्ध स्विफ्ट-एकरिच या प्रकरणात ठरवले. मुद्दा एकदा नोंदवून निश्चिंत व्हावे असे इथे नाही. पुढच्या टप्प्यावर त्याच्यात पुन्हा धुगधुगी आणावी लागते. ‘राखणे’, ‘जपणे’, ‘जतन करणे’ यांपैकी कशातही ही खटपट दिसत नाही. उलट, कायद्याचा निखळ प्रश्न सुनावणीपूर्वीच संक्षिप्त निर्णयाच्या, म्हणजे सुनावणी न घेताच निकाल मागणाऱ्या, अर्जावर निकाली निघाला असेल, तर तो निकालानंतर पुन्हा उपस्थित करण्याची गरज नाही, असे त्याच न्यायालयाने 2023 साली ड्युप्री विरुद्ध यंगर या प्रकरणात एकमताने सांगितले. तोवर निरनिराळ्या अपील न्यायालयांची यावर निरनिराळी मते होती. मला विचाराल तर हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण पुराव्याने न बदलणारा प्रश्न त्याच न्यायाधीशांना दुसऱ्यांदा विचारण्यात वेळ खर्ची पडण्याखेरीज काही साधत नाही. आणि न्यायालयाला त्या विषयावर मुळात अधिकारिताच नव्हती, हा मुद्दा तर कोणत्याही टप्प्यावर काढता येतो. तो जिवंत ठेवावा लागत नाही, कारण तो मरतच नाही.

तिसऱ्या पर्यायाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ‘हक्क राखणे’ हा आपल्याकडील रुळलेला आणि निर्दोष प्रयोग आहे. 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली ज्या शेतकऱ्याला मोबदला कमी वाटे, तो रक्कम ‘हक्क राखून’ म्हणजे आपली हरकत नोंदवून स्वीकारत असे. तशी नोंद न करता ज्याने पैसे घेतले, त्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम 18 खाली दाद मागता येत नसे. इथे ‘राखून’ हा शब्द चपखल बसतो, कारण राखला जातो तो हक्क, आणि तो नोंदीनेच राखला जातो. पण अमेरिकन प्रयोगात धोक्यात असतो तो अपिलाचा हक्क नव्हे. तो हक्क 30 दिवसांत, आणि अमेरिकन सरकार पक्षकार असल्यास 60 दिवसांत, अपिलाची नोटीस दाखल केल्याने सांभाळला जातो. अपील अगदी मुदतीत दाखल झाले तरी त्यातील एखादा मुद्दा आधीच मेलेला असू शकतो. म्हणून ‘अपिलाचा हक्क राखणे’ हे भाषेच्या दृष्टीने शुद्ध असले तरी या जागी चुकीचे आहे.

आपल्या न्यायालयांतही हरकत कधी घ्यावी हा प्रश्न आहेच. दस्तऐवज ज्या रीतीने शाबीत केला जात आहे ती रीत चुकीची असेल, तर हरकत त्याला निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक, पडण्यापूर्वीच घेतली पाहिजे, मात्र दस्तऐवज मुळातच अग्राह्य असेल तर ती हरकत पुढे अपिलातही घेता येते, असा भेद भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली वेंकटाचल गौंडर यांच्या प्रकरणात केला. त्यामुळे मराठी वकिलाला ही कल्पना परकी वाटणार नाही. त्याला अडचण होईल ती ‘इश्यू’ या शब्दाची, कारण आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत न्यायाधीश कैफियतीनंतर जे काढतात त्यांना ‘मुद्दे’ किंवा ‘वादमुद्दे’ म्हणतात. अमेरिकन प्रयोगातील ‘इश्यू’ म्हणजे तसा काढलेला वादमुद्दा नसून खालच्या न्यायालयाची चूक म्हणून वर दाखवायची कोणतीही बाब. त्यामुळे तिथे ‘वादमुद्दा’ टाळावा आणि साधा ‘मुद्दा’ वापरावा. ‘ट्रायल’साठीही ‘खटला’ लिहू नये, कारण तो शब्द ऐकताच आरोपीचा पिंजरा डोळ्यांसमोर येतो. ‘दाव्याची सुनावणी’ म्हणावे.

राहिले मुद्दा हातचा जाण्याचे दोन प्रकार, ज्यांची इंग्रजी मजकुरातही सर्रास गल्लत होते. समजून उमजून सोडून दिलेल्या हक्काला ‘वेव्हर’ म्हणतात, आणि वेळेवर न मांडल्याने गेलेल्या हक्काला ‘फॉरफिचर’. पहिल्यासाठी ‘मुद्दा सोडून देणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘मुद्दा गमावणे’ असे लिहिल्यास मराठीत हा भेद आपोआप दिसतो, आणि तो पाळणे गरजेचे आहे. गमावलेला मुद्दा, उदाहरणार्थ ज्युरीला दिलेल्या सूचनेतील ढळढळीत आणि महत्त्वाच्या हक्काला बाध आणणारी चूक, अपील न्यायालय क्वचित विचारात घेऊ शकते. सोडून दिलेल्या मुद्द्याकडे ते सहसा वळूनही पाहत नाही. प्रश्नकर्त्यांनी पाठवलेले वाक्य मी असे लिहीन: ‘प्रतिवादीच्या वकिलांनी सुनावणीच्या वेळी कारणासह हरकत न नोंदवल्यामुळे हा मुद्दा अपिलासाठी जिवंत राहिला नाही.’